प्रमाणपत्रांचे तास आणि शिक्षकाचे वाचन

मराठीच्या शिक्षकाला आज साधनांची वाण नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडसमोर मोबाइल धरला की पाठाची चित्रफीत उघडते. पदवीच्या वर्गांसाठी ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आहेत, पदव्युत्तर वर्गांसाठी घटकवार टिपणे आहेत, शब्दकोश आहेत, विश्वकोश आहे, जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती आहेत. प्रशिक्षणांची तर रांगच लागलेली आहे. असे असूनही, साहित्याच्या अध्यापनाविषयी अलीकडे आपण नवे काय शिकलात, असे एखाद्या शिक्षकाला विचारले, तर उत्तरादाखल बहुधा प्रमाणपत्रांची संख्या पुढे येते. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे, आणि तो मारलाही जातो. आमच्या मते दोष अन्यत्र आहे. शिक्षकापर्यंत काहीतरी पोहोचवायचे आहे, या एकाच कल्पनेवर ही सारी व्यवस्था उभी आहे. साहित्याचा शिक्षक हा आधी वाचक असतो आणि वाचक दुसऱ्या वाचकांच्या सहवासात वाढतो, ही साधी गोष्ट तिच्या हिशेबात नाही.

ही व्यवस्था कशी घडत गेली ते थोडक्यात पाहू. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केली. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग हे शब्द तेव्हापासून प्राध्यापकांच्या रोजच्या बोलण्यात आले. पुढे या केंद्रांची नावे बदलली. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. दरम्यान २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ ही दोन शासकीय व्यासपीठे उभी राहिली. ‘स्वयम्’वर २०१८ मध्ये ‘अर्पित’ हा ऑनलाइन उजळणी उपक्रम सुरू झाला. त्याचा अभ्यासक्रम ४० तासांचा, त्यांपैकी २० तास चित्रफितींचे. आणि तो पूर्ण केल्यास पदोन्नतीसाठी एक उजळणी वर्ग केल्यासारखे धरले जाई. शालेय शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून आरंभला गेला. साथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो १८ घटकसंचांच्या रूपाने ‘दीक्षा’वर आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदवली.

या सर्व तपशिलांत एक शब्द पुनःपुन्हा येतो: तास. विकासाचे माप तासांत करायचे, तासांचा पुरावा प्रमाणपत्राने द्यायचा, आणि प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फायलीला जोडायचे. २०२० सालच्या टाळेबंदीत वेबिनारांचा जो पूर आला, त्यात या मापाचे खरे स्वरूप उघड झाले. व्याख्यान संपत आले की अभिप्रायाच्या अर्जाची कडी येई, ती भरली की प्रमाणपत्र टपाली पेटीत येऊन पडे. व्याख्यान ऐकले की नाही, हा प्रश्न त्या साखळीत कोठेच नव्हता.

तरीही या साधनांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. उजळणी वर्गासाठी दोन-तीन आठवडे घर सोडून विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहणे लहान मुले असलेल्या प्राध्यापिकेला किती अवघड असे, हे सर्वांना ठाऊक आहे. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या आडगावातील शिक्षकाला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत सहज जाता येत नाही. त्याच्या हाती आज मोल्सवर्थचा कोश आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. हे तिन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात विनामूल्य पाहता येतात. ‘ज्ञानेश्वरी’तील एखाद्या शब्दापाशी अडलेल्या शिक्षकाला तीस वर्षांपूर्वी जे काम जिल्ह्याच्या गावी जाऊन करावे लागले असते, ते आता दोन तासिकांच्या मधल्या वेळात होते. ही सोय थोर आहे. परंतु कोश उघडून अर्थ पाहणे आणि तो अर्थ वर्गात कसा उलगडावा हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमचा मुद्दा या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. विषयाचे ज्ञान वेगळे आणि अध्यापनाची सर्वसाधारण कौशल्ये वेगळी. पण या दोहोंपलीकडे, हा विशिष्ट विषय या विशिष्ट विद्यार्थ्यांना कळेल असा कसा करावा, याचे एक तिसरे ज्ञान असते आणि शिक्षकाचे खरे वैशिष्ट्य त्यातच असते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमात ‘आशययुक्त अध्यापन’ हा शब्द याच परिसरातला. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वाट्याला तर तोही येत नाही. नेट किंवा सेट उत्तीर्ण झाला की तो थेट वर्गात उभा राहतो. हे तिसरे ज्ञान चित्रफितीत भरून पाठवता येत नाही, कारण ते वर्गात तयार होते, आणि दुसऱ्या शिक्षकाला सांगितल्याशिवाय बहुधा स्वतःलाही नीट उमगत नाही.

तुकोबांच्या अभंगाचे उदाहरण घेऊ. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांनी करायचे असते. तयार साधने हे तीन मुद्दे सुबकपणे पुरवतात. पण त्या वर्गात एखादी मुलगी अशी असते, की तिच्या घरी दर एकादशीला भजन होते आणि तो अभंग तिने चालीसकट ऐकलेला असतो. तिला तो पुस्तकात भेटण्यापूर्वी कानांनी भेटला आहे. तीन मुद्द्यांच्या चौकटीत तिच्या या जाणतेपणाला जागा नाही. शहाणा शिक्षक तिला अभंग म्हणायला लावील, ध्रुवपदाची पुनरावृत्ती गाताना काय करते आणि वाचताना काय करते हे वर्गाला विचारील, आणि ‘काव्यसौंदर्य’ हा मुद्दा तेथून वर येऊ देईल. असे करणारे शिक्षक महाराष्ट्रात आहेत. प्रश्न इतकाच, की एका शाळेतल्या शिक्षकाने हे केले तर वीस मैलांवरच्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला ते कळावे कसे?

याहून अवघड उदाहरण दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचे आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. त्यांचा साहित्यव्यवहारातला मान आता वादातीत आहे. त्यांची समीक्षा विपुल आहे आणि त्यांवरील व्याख्यानेही ऑनलाइन मिळतात. मात्र ज्या जातिसमूहाचे जगणे त्या पानांत आले आहे, त्यातला विद्यार्थी समोरच्या बाकावर बसलेला असतो आणि ज्यांच्या वाडवडिलांनी ते जगणे तसे ठेवले त्यांची मुले शेजारच्या बाकावर असतात, तेव्हा काय करायचे? उतारा मोठ्याने कोणी वाचायचा? शिवीचा शब्द आला तर तो उच्चारायचा की गाळायचा? त्या विद्यार्थ्याने आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलावे, अशी अपेक्षा न बाळगताही त्याला बोलण्याची वाट मोकळी कशी ठेवायची? स्वतः शिक्षकाची जात वर्गाला माहीत असते. तिचा भार या तासाला कसा पडतो? अशा तासाला एक वाक्य चुकले तर एखादा विद्यार्थी त्या विषयापासूनच नव्हे, शिक्षणापासूनही दूर जाऊ शकतो. आत्मकथनाच्या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये सांगून तास काढता येतो, आणि बरेचदा तो तसाच काढला जातो. त्यात भित्रेपणापेक्षा एकटेपणाचा भाग अधिक आहे. हे प्रश्न विचारावेत कोणाला, हे शिक्षकाला माहीत नसते.

मग शिक्षकांचे समूह आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि पुष्कळ आहेत. विषयनिहाय, तालुकानिहाय, विद्यापीठनिहाय व्हॉट्सॲप समूहांचा सुळसुळाट आहे. शासन निर्णय, परीक्षेची वेळापत्रके, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आणि पाठ टाचणे यांची देवाणघेवाण तेथे तत्परतेने होते, आणि अडल्यानडल्याला मदतही मिळते. तथापि या समूहांना स्मरण नाही. आज कोणी चांगला प्रश्न विचारला आणि उद्या त्याला चांगले उत्तर मिळाले, तरी परवा ते दोन्ही शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी तोच पाठ शिकवायला आलेला नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बहुतेक समूहांत मुख्याध्यापक, प्राचार्य, केंद्रप्रमुख किंवा अभ्यास मंडळाचे सदस्य हजर असतात. ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे त्याच्यादेखत ‘हा पाठ मला शिकवता आला नाही’ असे कोण लिहील? शिकण्याची सुरुवात त्या वाक्यापासून होते, आणि नेमके तेच वाक्य या समूहांत उच्चारता येत नाही.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात शिकण्याची कल्पना व्यवसायबंधूंच्या समुदायात हळूहळू कडेकडून आत येण्याच्या रूपात मांडली होती. शिंप्याच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा आधी बारीकसारीक कामे करतो, पाहतो, ऐकतो आणि मग कापड बेततो. या कसोटीवर आमची व्यवस्था तपासली तर एक विपरीत चित्र दिसते. ज्यांना कडेकडून आत येण्याची सर्वांत अधिक गरज आहे, ते तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक या व्यवस्थेच्या दाराबाहेर आहेत. पदोन्नतीची शिडीच नसल्याने उजळणी वर्गाचे गुण त्यांच्या कामाचे नाहीत. सुट्टीत मानधन नसल्याने सुट्टीतले प्रशिक्षण पदरमोड करून घ्यावे लागते. आणि पुढच्या वर्षी आपण त्याच महाविद्यालयात असू की नाही याचा भरवसा नसल्याने कोणत्याही समूहात मूळ धरण्याचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत मराठीचा विभाग आज प्रामुख्याने यांच्याच खांद्यावर उभा आहे. त्यांना वगळून होणारा शिक्षकांचा विकास हा कोणाचा विकास समजायचा?

शिक्षकांचा समुदाय आणि साहित्याची समीक्षा यांचे नाते मराठीला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाशी निगडित असलेले ‘शालापत्रक’ हे मासिक मराठी शाळांतील शिक्षकांसाठी निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. विष्णुशास्त्र्यांचे कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावरील निबंध, जे पुढे ‘संस्कृत कविपंचक’ म्हणून ग्रंथरूप झाले, ते प्रथम याच पत्रातून प्रसिद्ध झाले. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ निघाली, तेव्हा तिच्या लेखकाची लेखणी शिक्षकांसाठी लिहून तयार झालेली होती. या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आधुनिक मराठी समीक्षेच्या आरंभकाळातले काही महत्त्वाचे लेखन शिक्षकांच्या व्यावसायिक पत्रात झाले, आणि त्या पत्राने गावोगावच्या पंतोजींना बाणभट्टावरचा निबंध वाचण्यास योग्य मानले. त्यांच्यासाठी पातळ केलेली आवृत्ती काढावी असे त्याला वाटले नाही. आपल्या काळातही मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ या नियतकालिकाने १९८३ पासून भाषेच्या अभ्यासकांना आणि शिक्षकांना एकाच पंगतीत बसवले. आजची प्रशिक्षणसामग्री शिक्षकाला ज्या स्वरात संबोधते, तो स्वर या परंपरेशी ताडून पाहिला तर अधोगती कोठे झाली ते कळते. घटकाच्या शेवटी चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडायला सांगणे, हा प्रौढ वाचकाचा अधिक्षेप आहे.

साधनांच्या बाबतीतही समुदायाची उणीव जाणवते. तुकारामगाथेची संहिता ऑनलाइन सहज मिळते. पण ती १८६९ ते १८७३ या काळात निघालेल्या पंडिती गाथेची, की शासकीय प्रतीची, की आणखी कोठली, याचा निर्देश बहुधा नसतो. ‘ज्ञानेश्वरी’चेही तेच. राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत आणि सांप्रदायिक प्रती यांत पाठभेद आहेत, हे माहीत नसलेला विद्यार्थी जो पाठ पडद्यावर आधी दिसला तो प्रमाण मानतो. दुसरा प्रश्न लेखाधिकाराचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे लेखाधिकार राहतो. त्यामुळे मर्ढेकर २०१७ पासून सर्वांना खुले झाले. अण्णा भाऊ साठे २०३० मध्ये होतील. नामदेव ढसाळ २०७५ मध्ये. लेखकांचा आणि त्यांच्या वारसांचा हक्क आम्हांला मान्यच आहे. तथापि याचा परिणाम असा होतो, की खुल्या साधनांचा कल आपोआप जुन्या आणि बव्हंशी उच्चवर्णीय साहित्याकडे झुकतो. ताराबाई शिंदे यांची १८८२ ची ‘स्त्री-पुरुष तुलना’, मुक्ता साळवे यांचा १८५५ चा निबंध, जोतीरावांचे लेखन हे सारे खुले आहे. हा कल सावरण्यासाठी त्यांच्यावरील अध्यापकीय टिपणांची जोड हवी. ती यंत्रणा देणार नाही, शिक्षकच देतील.

यंत्राचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट करू. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणत्याही कवितेचे रसग्रहण आणि पाठ टाचण क्षणार्धात मिळते. चुका गाळल्या तरी त्यांतले बरेचसे बाजारातल्या गाइडाच्या तोडीचे असते. तयार सामग्रीचे मोल यामुळे जवळजवळ शून्यावर आले आहे. या वर्गात, या मुलांनी, या कवितेला काय उत्तर दिले, हे मात्र ज्या शिक्षकाने पाहिले त्यालाच सांगता येते. शिक्षकांच्या ऑनलाइन समुदायाने जतन करावे असे धन हेच आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की तासांचे आणि प्रमाणपत्रांचे बंधन काढले तर कोणी काहीच करणार नाही. माप नको असे आम्ही म्हणत नाही. मोजायचे ते काय, एवढाच वाद आहे. पाहिलेली चित्रफीत मोजण्यापेक्षा लिहिलेले टिपण मोजावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवडणुका, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते आणि मूल्यांकनाच्या फायली यांतून शिक्षकाला वेळच उरत नाही. हे खरे आहे. म्हणूनच वर्षाचे जे ५० तास अपेक्षिले आहेत, ते या कामासाठी सोडवून घ्यावेत, त्यांत भर घालू नये, असे आमचे म्हणणे आहे.

अमेरिकेत १९७४ मध्ये बर्कली येथे शिक्षक जेम्स ग्रे यांनी लेखनाच्या अध्यापनासाठी एक प्रकल्प सुरू केला, जो पुढे राष्ट्रीय झाला. त्याची दोन सूत्रे होती: शिक्षकांना शिक्षकांनीच शिकवावे, आणि लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहावे. आपल्याकडे हे करण्यास मोठ्या व्यासपीठाची गरज नाही. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय या तिन्ही स्तरांवरील आठ-दहा शिक्षक, महिन्याला एक संहिता, आणि ती वर्गात नेल्यावर काय घडले याचे प्रत्येकाचे एक पान, एवढे पुरे. त्या पानावर संहितेची आवृत्ती, इयत्ता आणि महिना यांची नोंद असावी, विद्यार्थ्याची ओळख नसावी. काय जमले नाही, हे लिहिण्याची मुभा असावी. तेवढ्यासाठी वरिष्ठ अधिकारी या मंडळात नसावेत. ही पाने युनिकोडमध्ये आणि शोधता येतील अशी ठेवावीत. जुन्या फॉन्टांत टंकलेले कितीतरी मराठी लेखन आज वाचता येत नाही, याची आठवण असू द्यावी. विद्यापीठांनी आणि शिक्षण विभागाने या पानांना विकासाच्या तासांत धरावे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्याबद्दल मानधन द्यावे.

एका वर्षात अशा मंडळाची शंभरएक पाने होतील. त्यांतली निम्मी सामान्य असतील, काही चुकीचीही असतील. पण ‘बलुतं’चा उतारा उद्या प्रथमच शिकवायचा असलेल्या तरुण अध्यापिकेला आदल्या रात्री त्यांतले एखादे पान सापडले, आणि आपल्याआधी कोणीतरी याच प्रश्नाशी झगडले आहे हे तिला कळले, तर तिच्या वर्गातला तो तास निराळा होईल. व्यावसायिक विकास या भारदस्त शब्दाचा आम्हांला समजलेला अर्थ एवढाच आहे.